बाळंतपण आणि नवजात बाळ : दीन काय सांगतो, रिवाज काय सांगतो आणि डॉक्टर काय सांगतात

२०१६ साली केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातली एक बातमी देशभर गाजली होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पाच अजान होईपर्यंत आईचं दूध द्यायचं नाही, असा हट्ट बाळाच्या वडिलांनी धरला. पाच अजान म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस. डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं, पण ऐकलं नाही. शेवटी पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांना राग आला असेल, काहींना लाज वाटली असेल. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. पाच अजानची ही अट आली कुठून? कुरआनमध्ये ती नाही, हदीसमध्ये नाही, चारपैकी एकाही फिकहमध्ये नाही. तरी एका बापाला ती दीनची गोष्ट वाटली.

आपल्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच होतं. बाळंतपण म्हटलं की दीन, रिवाज, दादी-नानीचा अनुभव आणि डॉक्टरांचा सल्ला असं सगळं एकाच खोलीत गोळा होतं. यातलं अल्लाह आणि रसूल (सल्ल.) यांनी सांगितलेलं कोणतं आणि मोहल्ल्यातून आलेलं कोणतं, हे त्या धावपळीत कोण बघतो? म्हणून ते आधीच समजून घेतलेलं बरं. या लेखात आम्ही गरोदरपणापासून चाळीस दिवसांपर्यंतच्या गोष्टी क्रमाने मांडत आहोत. फिकहचे बारीक मसले आपापल्या आलिमांना विचारावेत आणि औषधोपचाराचे प्रश्न डॉक्टरांना. दोघांच्या मध्ये गोंधळ होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गरोदरपण : सवलत घेणे हाही दीनच

कुरआनने आईच्या गरोदरपणाला ‘कष्टावर कष्ट’ मानले आहे. सूरह लुकमान (आयत १४) आणि सूरह अहकाफ (आयत १५) या दोन्ही ठिकाणी आईवडिलांशी चांगले वागण्याची ताकीद देताना आईने पोटात बाळगण्याचे आणि दूध पाजण्याचे कष्ट खास सांगितले आहेत. म्हणजे गरोदर बाईची काळजी घेणे हे घरच्यांचे उपकार नव्हेत, ती त्यांची जबाबदारी आहे.

रमजान आला की प्रश्न येतो रोजाचा. हदीसनुसार गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईला रोजातून सवलत आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीला धोका वाटत असेल तर तिने रोजे सोडावेत आणि नंतर कजा करावेत. हनफी मतानुसार फक्त कजा पुरेशी आहे. शाफई मतानुसार फक्त बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल तर कजाबरोबर फिदियाही द्यावा लागतो. महाराष्ट्रात बहुतेक मुसलमान हनफी आहेत, पण कोकणातले आपले भाऊ-बहीण मोठ्या संख्येने शाफई आहेत. त्यामुळे रत्नागिरीच्या सुनेला औरंगाबादच्या सासूने सांगितलेला मसला वेगळा वाटला तर घाबरू नये. दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र शुगर, बीपी किंवा रक्त कमी असलेल्या बाईने ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा ओढत नेणे, यात सवाब शोधू नये. अल्लाहने दिलेली सवलत नाकारणे म्हणजे जास्त दीनदारी नव्हे.

सातव्या महिन्यात सतवासा किंवा गोदभराई करतात, ओटी भरतात, हिरव्या बांगड्या घालतात. हा मराठी मुलखाचा रिवाज आहे, सुन्नत नाही. आपल्या शेजारच्या हिंदू घरांतही डोहाळजेवण असतेच. घरच्यांनी मिळून गरोदर बाईला खाऊ घालणे चांगलेच. पण त्यासाठी माहेरच्यांवर खर्चाचे ओझे टाकणे चांगले नाही.

हजरत मरयम (अलै.) आणि खजूर

बाळंतकळांचे वर्णन कुरआनने ज्या आपुलकीने केले आहे, ते प्रत्येक आईने वाचावे असे आहे. सूरह मरयममध्ये (आयत २३ ते २६) हजरत मरयम (अलै.) एकट्या खजुराच्या झाडाखाली येतात. वेदना इतक्या असतात की याआधीच मेले असते तर बरे, असे त्यांच्या तोंडून निघते. त्यांना यावर कोणी रागावत नाही. उलट दुःख करू नकोस असा दिलासा मिळतो. पायाशी पाण्याचा झरा मिळतो आणि झाड हलवून ताजी खजूर खायला सांगितली जाते.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की कळा सोसणाऱ्या बाईचे ओरडणे, रडणे हा ईमानचा कमकुवतपणा नाही. लेबर रूममध्ये तिच्यावर खेकसणाऱ्यांनी, मग ते घरचे असोत वा दवाखान्यातले, ही आयत आठवावी. दुसरी अशी की तिला खाणे-पिणे मिळाले पाहिजे. अर्थात ऑपरेशनची शक्यता असेल तर खाण्यापिण्याबाबत डॉक्टरांचे ऐकावे.

शेवटच्या महिन्यात रोज खजूर खाण्याची पद्धत याच आयतींमुळे पडली. जॉर्डनमधल्या एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, शेवटचे चार आठवडे रोज सहा खजुरा खाणाऱ्या ६९ बायकांची तुलना न खाणाऱ्या ४५ बायकांशी केली गेली. खजूर खाणाऱ्यांमध्ये कळा आपोआप सुरू होण्याचे प्रमाण जास्त दिसले आणि कळा आणण्याच्या औषधांची गरज कमी पडली. अभ्यास लहान होता, त्यामुळे यावरून खात्रीचा दावा करू नये. खजूर उत्तम अन्न आहे, पण गरोदरपणातली शुगर असेल तर किती खायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काही घरांत ‘मरयमचा पंजा’ किंवा मरयम बूटी म्हणून ओळखले जाणारे सुके झाड पाण्यात भिजत ठेवतात. ते उमलले की बाळंतपण सोपे होते अशी समजूत आहे. या झाडाचा उल्लेख ना कुरआनमध्ये आहे ना सहीह हदीसमध्ये. खोलीत भांड्यात ठेवले तर नुकसान नाही, पण त्याचे पाणी कळांच्या वेळी पाजू नये. पोटात काय जाते आहे ते डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांच्या औषधांचा हिशोब चुकतो.

दवाखाना, पडदा आणि मजबुरी

लेडी डॉक्टरच हवी, हा हट्ट चुकीचा नाही. पडद्याचा विचार करून आधीच तशी व्यवस्था बघणे, नाव नोंदवताना विचारणे, अंगावर जास्तीचे कापड मागणे, सोबत घरची बाई ठेवू द्या म्हणणे हे सगळे हक्काने करावे. सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवण्याची परवानगी केंद्र सरकारच्या धोरणात आहे.

पण रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला आणि ड्युटीवर पुरुष डॉक्टर आहेत, तर? इथे फिकहचा उसूल स्पष्ट आहे : मजबुरीत मनाई असलेली गोष्ट गरजेपुरती जायज होते. जीव वाचवणे ही शरीअतच्या मूळ उद्देशांपैकी एक गोष्ट आहे. ‘लेडी डॉक्टर येईपर्यंत थांबू’ म्हणून घालवलेला अर्धा तास आईच्या जिवावर बेतू शकतो. सिझेरियन आणि रक्त चढवण्याचेही तसेच आहे. गरज असेल तर त्यात दीनची अडचण नाही. नॉर्मल डिलिव्हरी झाली म्हणून बाई जास्त नेक ठरत नाही आणि सिझर झाले म्हणून कमी पडत नाही.

बाळंतपणात मरण आलेल्या बाईला हदीसमध्ये शहीदचा दर्जा सांगितला आहे. हा मागे राहिलेल्यांसाठी दिलासा आहे. तो हलगर्जीपणाचा परवाना नाही. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण पोरांना सांगतो. ती इथेही लागू आहे. गाडी, पैसे, रक्तगट, १०८ नंबर हे सगळे नवव्या महिन्याआधी तयार असावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण हे २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हेही लक्षात ठेवावे.

कानात अजान

बाळाच्या उजव्या कानात अजान देण्याची पद्धत जगभरच्या मुसलमानांत आहे. हजरत फातिमा (रजि.) यांना हजरत हसन (रजि.) झाले तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी त्यांच्या कानात अजान दिल्याची रिवायत अबू दाऊद आणि तिरमिजीमध्ये आहे. तिच्या सनदबद्दल मुहद्दिसांत मतभेद आहेत. डाव्या कानातल्या इकामतची रिवायत त्याहून कमजोर मानली जाते. तरी उम्मतने हा अमल धरून ठेवला आहे आणि त्यामागची भावना सुंदर आहे : दुनियेत आल्यावर कानावर पडणारे पहिले बोल अल्लाहच्या मोठेपणाचे असावेत.

आता व्यवहाराच्या गोष्टी. अजान हळू आवाजात द्यावी, नवजात बाळाचा कान नाजूक असतो. वडील, आजोबा, मामा कोणीही देऊ शकतो, त्यासाठी इमामसाहेबांची वाट बघायची गरज नाही. बाळ रडले नसेल, त्याला श्वास देण्याचे काम चालू असेल किंवा काचेत ठेवले असेल तर अजान नंतर दिली तरी चालते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अजान आणि दूध यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अजान देणारा गाडीत अडकला आहे म्हणून बाळ उपाशी ठेवायचे नाही.

तहनीक : खजूर, मध नव्हे

चावून मऊ केलेली खजूर बाळाच्या टाळूला लावणे म्हणजे तहनीक. याच्या रिवायती बुखारी आणि मुस्लिममध्ये आहेत, म्हणजे भक्कम आहेत. हिजरतनंतर मदीनेत मुहाजिरांच्या घरी जन्मलेले पहिले मूल हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.). त्यांची आई हजरत अस्मा (रजि.) बाळाला प्रेषितांकडे (सल्ल.) घेऊन आल्या. त्यांनी खजूर चावून बाळाच्या तोंडाला लावली आणि बरकतीची दुआ केली. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या मुलाची तहनीकही अशीच झाली आणि त्याचे नाव इब्राहीम ठेवले गेले.

आपल्याकडे मात्र खजुराच्या जागी मध आला. मधाला कुरआनने शिफा म्हटले आहे, मग बाळाला दिला तर काय बिघडले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर नीट समजून घ्या. मधात एका जंतूचे बीज असू शकते. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजते आणि विष तयार करते. त्यातून बाळ ढिले पडते, दूध ओढत नाही आणि श्वासही थांबू शकतो. या आजाराला बॉट्युलिझम म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर भयंकर असतो. मध शुद्ध आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मध गरम केल्यानेही ते बीज मरत नाही. म्हणून वर्षभर मध नको. मध शिफा आहे याचा अर्थ तो प्रत्येक वयात, प्रत्येकाला द्यावा असा होत नाही.

मग तहनीक कशी करावी?

– मऊ खजुराचा गर स्वच्छ हाताने अगदी बारीक कुस्करावा. रेषा किंवा सालीचा तुकडा राहू देऊ नये, घशात अडकतो.
– साबणाने धुतलेल्या बोटाच्या टोकाला लागेल एवढाच गर टाळूला हलकेच लावावा. चमचाभर भरवायचे नाही.
– तोंडात चावून देण्याची मूळ पद्धत आहे, पण चावणाऱ्याला सर्दी, खोकला, टीबी, तोंडाला फोड असे काही असेल तर अजिबात नको. लाळेतून आजार जातो. हाताने कुस्करणे जास्त सुरक्षित.
– बाळाला आधी आईचे दूध पाजून मग तहनीक केली तरी चालते.
– बाळ महिन्याआधी जन्मले असेल, वजन कमी असेल किंवा काचेत असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

गुळाचे पाणी, घुट्टी, मिसरीचे पाणी, बोळ्याने शेळीचे दूध, झमझमचे चमचे हे काहीही तहनीक नाही. डॉक्टर पहिले सहा महिने फक्त आईचे दूध सांगतात. त्यात पाणीसुद्धा नाही, मग ते विदर्भातल्या मे महिन्यात का असेना. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते.

चीक फेकू नका

पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ‘ते साचलेलं, खराब दूध’ म्हणून पिळून टाकण्याची पद्धत अनेक समाजांत होती आणि काही घरांत अजून आहे. इस्लामची त्याला कुठलीच मान्यता नाही. वैद्यकशास्त्र तर चिकाला बाळाची पहिली लस म्हणते, कारण रोगांशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. मात्रा थोडी असते, पण बाळाचे पोटही तेवढेच छोटे असते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावावे. सिझर झाले असले तरी नर्सच्या मदतीने हे जमते.

सूरह बकरहची आयत २३३ या विषयावर सगळ्यात सविस्तर बोलते. पूर्ण मुदत करायची असेल तर आईने दोन वर्षे दूध पाजावे. या काळात आईच्या खाण्या-कपड्याचा खर्च वडिलांवर आहे. दोघांनी सल्ला करून, राजीखुशीने लवकर तोडायचे ठरवले तरी गुन्हा नाही. मुलामुळे आईलाही त्रास देऊ नये आणि बापालाही. तलाक झालेल्या बाईने मूल पाजले तर तिला मोबदला द्यावा, असे सूरह तलाकमध्ये (आयत ६) आहे. आमच्या मते या आयतींचा एक भाग आपण विसरलो आहोत. दूध पाजणे फक्त आईचे काम नाही. तिला पोटभर खाणे, झोप आणि निवांतपणा मिळवून देणे हे बापाचे काम आहे. पाजणाऱ्या आईला पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापाव्या लागत असतील तर त्या घरात अर्धीच आयत पाळली जाते.

दोन वर्षे पाजण्याचा आणखी एक फायदा आहे. जागतिक आरोग्य संघटना दुसऱ्या गरोदरपणाआधी किमान २४ महिन्यांचे अंतर ठेवायला सांगते. फक्त पाजण्यावर विसंबून अंतर राहीलच असे नाही. बहुतेक फुकहांनी अजलच्या हदीसवरून तात्पुरत्या साधनांना नवरा-बायकोच्या संमतीने परवानगी दिली आहे. हा मसला लाजून सोडून देऊ नये, विचारून घ्यावा.

दुधाचे नाते आणि मिल्क बँक

इस्लाममध्ये रक्ताइतकेच दुधाचे नाते पक्के आहे. प्रेषित (सल्ल.) यांना हजरत हलीमा सादिया (रजि.) यांनी पाजले होते. दूधआई आणि दूधबहीण यांच्याशी निकाह हराम असल्याचे सूरह निसामध्ये (आयत २३) आहे. हनफी मतानुसार ठरलेल्या वयात एकदा पाजले तरी नाते लागते. शाफई मतानुसार वेगवेगळ्या वेळी पाच वेळा पाजावे लागते.

म्हणून वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाळाला कोणी माऊलीने पाजले तर ते फार मोठे पुण्याचे काम आहे, फक्त तिचे आणि तिच्या मुलांचे नाव-गाव लिहून ठेवावे. वीस वर्षांनी निकाहच्या वेळी आठवण उपयोगी येते. नणंद-भावजयींनी एकमेकींची मुले पाजली तर चुलत-आते-मामे भावंडांतले निकाह त्याने बंद होऊ शकतात, हेही घरात माहीत असू द्या.

खरी अडचण येते मिल्क बँकेची. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. धारावीला लागून असलेल्या या दवाखान्यात आपल्या समाजाची शेकडो बाळंतपणे होतात. वेळेआधी जन्मलेल्या किलो-दीड किलोच्या बाळाला वरच्या दुधापेक्षा कोणत्याही आईचे दूध बरे, कारण वरच्या दुधाने आतडी सडण्याच्या आजाराचा धोका वाढतो. पण बँकेत अनेक आयांचे दूध एकत्र करून निर्जंतुक करतात. कोणाचे दूध कोणाला गेले हे कळत नाही. मग नाते कोणाशी लागले?

यावर उलेमांची दोन मते आहेत. १९८५ मध्ये इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने मुस्लिम देशांत अशा बँका नकोत असा ठराव केला. दुसरीकडे शेख यूसुफ अल-करजावी यांनी त्याआधीच परवानगीचे मत दिले होते. बाळाने छातीला तोंड लावून प्यायले तरच नाते, असा त्यांचा मुद्दा होता. युरोपियन फतवा कौन्सिलनेही गरजू बाळांसाठी परवानगी दिली आहे.

घरच्यांनी काय करावे? पहिला प्रयत्न आईच्याच दुधाचा. बाळ काचेत असले तरी दूध काढून नळीने देता येते आणि आईला दर दोन-तीन तासांनी काढायला बसवले तर दूध वाढते. दुसरा पर्याय म्हणजे ओळखीची एखादी पाजणारी बाई. पण तिचे दूध तपासणी करून घ्यायचे की नाही, हे दवाखाना ठरवेल. दोन्ही जमत नसेल आणि बाळाच्या जिवाचा प्रश्न असेल तर आलिमांना फोन करून परिस्थिती स्पष्ट सांगा : बाळाचे वजन, डॉक्टरांचे मत, पर्याय काय आहेत. अर्धवट माहितीवर मिळालेले उत्तरही अर्धवटच असते. आणि सही करताना नुसते ‘आमच्यात चालत नाही’ म्हणून निघून येऊ नका. डॉक्टरांना कारण सांगितले तर तेही मार्ग काढतात.

निफास आणि चिल्ला

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला निफास म्हणतात. हनफी मतानुसार त्याची जास्तीत जास्त मुदत ४० दिवस, शाफई मतानुसार ६० दिवस. कमीत कमी मुदत नाही. म्हणजे वीस दिवसांत रक्त बंद झाले तर गुस्ल करून नमाज सुरू करायची. चाळीस पूर्ण होईपर्यंत थांबणे हा रिवाज आहे. निफासमधल्या नमाजा माफ आहेत, रोजे नंतर कजा करायचे. दुआ, जिक्र, दरूद यांना बंदी नाही.

चिल्ल्याचा चांगला भाग म्हणजे आराम. हरीरा, अछवानी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश हे सगळे असू द्या. पण काही गोष्टी दीनच्या नावावर चालतात, त्या थांबवायला हव्यात. निफासमधली बाई शिवायला नापाक नसते. तिच्या हातचे खाणे, तिच्याशेजारी बसणे, तिने बाळाला कुशीत घेणे यात काही गैर नाही. तिचे ताट-वाटी वेगळे ठेवणे इस्लामची शिकवण नाही. पाणी कमी द्यायचे, हा तर उलटा सल्ला, कारण पाजणाऱ्या आईला जास्त पाणी लागते. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि लोबानची धुरी ठेवू नये. त्यातला विषारी वायू वासाशिवाय जीव घेतो आणि धूर बाळाच्या छातीत जातो.

आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे ‘चाळीस दिवस रक्त जायचंच’ म्हणून सगळे अंगावर काढणे. पुढचे काही दिसले तर चिल्ला असो वा नसो, लगेच दवाखाना गाठा :

– तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गाठी पडणे
– ताप, थंडी, घाण वास
– खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
– एका पायाच्या पोटरीला सूज आणि वेदना, दम लागणे
– सतत रडू, झोप नाही, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलते विचार

शेवटच्या गोष्टीला आपल्याकडे ‘साया झाला’, ‘नजर लागली’ म्हणतात आणि तावीज बांधतात. दुआ जरूर करा. पण हा बाळंतपणानंतर होणारा मनाचा आजार आहे आणि त्याला औषध आहे. प्रत्येक आजाराला इलाज आहे, इलाज करा, असे खुद्द प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे.

सातवा दिवस : नाव, केस, अकीका

हजरत समुरा (रजि.) यांच्या रिवायतीत सातव्या दिवशी अकीका, केस काढणे आणि नाव ठेवणे या तिन्ही गोष्टी येतात. नाव जन्मादिवशी ठेवले तरी चालते. केसांच्या वजनाइतकी चांदी सदका करतात. केस वजनाला फार थोडे भरतात, त्यामुळे हा गरिबालाही झेपणारा सदका आहे. जाहिलियतच्या काळात डोक्याला बळीचे रक्त लावत, इस्लामने त्याऐवजी जाफरान लावायला सांगितले. केस काढताना ब्लेड नवीन असावे आणि टाळूच्या मऊ भागावर हात हलका असावा. बाळ अशक्त असेल तर थांबावे.

अकीका मुलासाठी दोन आणि मुलीसाठी एक बकरा अशी हदीस आहे. इमाम मालिक यांच्या मते दोघांसाठी एकेकच. शाफई मतात अकीका ताकीदची सुन्नत आहे, हनफी मतात मुस्तहब. चारही फिकहांच्या प्रमुख मतानुसार तो फर्ज नाही. म्हणून कर्ज काढून हॉलमध्ये पाचशे माणसांचे जेवण घालण्याला दीनचा आधार नाही. सातव्या दिवशी जमले नाही तर चौदाव्या, एकविसाव्या किंवा सोयीच्या दिवशी करता येते. अकीक्याचे मटण आई-वडील, नाना-नानी खाऊ शकतात, न खाण्याची गोष्ट नुसती ऐकीव आहे. पाहुण्यांना एक विनंती : सर्दी-खोकला असेल तर बाळाला दुरून दुआ द्या, मुके घेऊ नका.

मुलगी झाली म्हणून मिठाई कमी वाटणाऱ्यांनी सूरह नहल (आयत ५८-५९) वाचावी. मुलीची खबर ऐकून तोंड काळवंडणाऱ्या बापाची कुरआनने किती कडक शब्दांत हजेरी घेतली आहे, ते तिथे दिसते. गर्भाचे लिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला. आपल्यासाठी ही मनाई चौदाशे वर्षांपूर्वीची आहे.

काजळ, काळा दोरा, नाळेवर तेल-राख-हळद यातले काहीही सुन्नत नाही. काजळात शिसे असू शकते. नाळ कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप गळते. पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर घालावी, तोपर्यंत पुसून उबदार ठेवावे. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी या जन्माच्या लशी दवाखान्यातून निघण्याआधी घ्याव्यात. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेल्या मुलांचे काय हाल झाले, ते आपण पाहिले आहे.

खतना

शाफई मतात खतना वाजिब, हनफी मतात सुन्नत. सातव्या दिवसापासून बालिग होण्याआधीपर्यंत केव्हाही करता येतो, त्यामुळे घाई नको. तीन बाबतींत आधी डॉक्टरांना विचारावेच : बाळाला कावीळ असेल, घराण्यात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल किंवा लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल. या तिसऱ्या प्रकारात तीच कातडी पुढे ऑपरेशनला लागते. एकदा कापली की परत मिळत नाही. मोहल्ल्यातल्या जर्राहचा हात कितीही सफाईचा असला तरी हे त्याच्या लक्षात येईलच असे नाही.

बाळ राहिले नाही तर

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. बाळ जिवंत जन्मून, क्षणभर का होईना रडून गेले, तर त्याचे नाव, गुस्ल, कफन आणि जनाजा नमाज सगळे होते. मृत जन्मले तर हनफी मतानुसार त्याला गुस्ल देऊन, कापडात गुंडाळून दफन करतात, नाव ठेवतात, जनाजा नमाज नसते. हंबली मतात चार महिने पूर्ण झालेल्या बाळाची नमाजही होते. दवाखान्याकडून मय्यत मागून घेण्याचा आईवडिलांना हक्क आहे. रात्रीतून गुपचूप उरकून टाकू नका. आईला बघू द्या, रडू द्या. प्रेषितांनी (सल्ल.) स्वतःचा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा अश्रू ढाळले होते.

शेवटचे काम : नोंदणी

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. नाव नंतरही टाकता येते, पण स्पेलिंग पहिल्यांदाच नीट लिहा. फातिमा, फातेमा, फातमा. मोहम्मद, मुहम्मद, मो. असे आपल्याकडे एकाच घरात तीन प्रकार असतात. आईवडिलांची नावेही आधारप्रमाणेच टाका. आज पाच मिनिटे लागतील, उद्या त्यासाठी पाच वर्षे कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागतात.

एवढे सगळे वाचून एक गोष्ट लक्षात आली असेल. जिथे आपण दीन आणि डॉक्टर यांचे भांडण समजतो, तिथे बहुतेक वेळा भांडण रिवाज आणि डॉक्टर यांचे असते. पाच अजान, मधाचे बोट, फेकलेला चीक, वेगळे ताट यातले काहीच दीनने सांगितलेले नाही. दीनने सांगितले ते आईला दिलासा, बाळाला दूध, बापाला जबाबदारी आणि आजारीला इलाज. ही यादी घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. दादी-नानींना दुखवू नका, त्यांनीही प्रेमापोटीच केले. फक्त या वेळी बाळाला आधी आईजवळ द्या.

अल्लाह आपल्या घरांतल्या प्रत्येक आईला आणि बाळाला सलामत ठेवो. आमीन.